सासुरवाडीची लाँग रायफल: किंमत ठरवण्याआधी काय पाहायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पत्नीचं माहेर पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत. तिच्या आजोबांच्या शेतघरात फायरप्लेसच्या वर टांगलेली एक लांबलचक ठासणीची बंदूक आता तुमच्याकडे आली आहे. नळी अष्टकोनी, 44 इंच. दस्ता वाघाच्या पट्ट्यांसारख्या रेषा असलेल्या मेपलचा, त्यावर पितळी झाकणाचा पॅचबॉक्स (गोळीभोवती गुंडाळायच्या कापडी तुकड्यांचा कप्पा). लॉकवर, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेवर, ‘गोल्चर’ असं नाव आहे आणि बंदूक टोपीवर (घोडा आपटताच पेटणाऱ्या धातूच्या छोट्या टोपीवर) चालणारी आहे. घरात सांगतात की ही स्वातंत्र्ययुद्धात वापरलेली. एक विक्रेता 1,200 डॉलर द्यायला तयार आहे. ‘गोल्चर साधा कारागीर होता, पण मी हिला पुन्हा चकमकीची करून घेईन,’ असं तो म्हणतो. (चकमकीची म्हणजे टोपीच्या आधीच्या काळातली, गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी.) ही बंदूक नेमकी काय आहे, तिचं मोल किती, पितळ चकचकीत करावं का, चकमकीची करून घ्यावी का आणि पुण्याला वडिलांच्या घरी नेता येईल का, हे तुम्ही विचारलंत.

आधी उत्तर सांगतो. आत्ता विकू नका, पुसू नका आणि चकमकीची तर मुळीच करून घेऊ नका. कारण पुढे सविस्तर लिहितो.

पण त्याआधी एक काम आजच करा. या बंदुका भरलेल्या अवस्थेत सापडतात, आणि हे अपवादाने घडत नाही. शिकारीहून परत आलेल्या माणसाने भरलेली बंदूक खुंटीला लावली, पुढे तो गेला आणि कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. काळी दारू कोरडी राहिली तर दीडशे-दोनशे वर्षांनीही पेटते. म्हणून नळीचं तोंड स्वतःकडे किंवा कोणाकडेही न करता एक सरळ लाकडी काठी नळीत हलकेच शेवटपर्यंत सोडा आणि तोंडाशी खूण करा. मग तीच काठी नळीच्या बाहेरून लावून पाहा. तिचं टोक टोपी बसते त्या निपलजवळ पोचलं तर नळी रिकामी आहे. इंच-दोन इंच अलीकडेच थांबलं तर आत दारू-गोळी असण्याची शक्यता धरा आणि ठासणीच्या बंदुकांचं काम करणाऱ्या गनस्मिथकडून (बंदूक कारागिराकडून) ती काढून घ्या. स्वतः ड्रिल किंवा स्क्रू घालू नका. बंदुकीचा मूळ गज (दारू-गोळी ठासायची काठी) यासाठी वापरू नका, तो वाळून ठिसूळ झालेला असतो, आणि मूळ गज शाबूत असणं ही किमतीतली एक वेगळी बाब आहे.

आता त्या नावाबद्दल. लॉकवरचं नाव हे बहुतेक वेळा बंदूक घडवणाऱ्याचं नसतंच. लॉक करणं हा वेगळा धंदा होता. पेनसिल्व्हेनियाचे कारागीर तयार लॉक विकत आणत आणि आपल्या बंदुकीत बसवत. चकमकीच्या काळात ती मोठ्या प्रमाणात इंग्लंडहून, विशेषतः बर्मिंगहॅमहून येत. ‘केटलंड’ नाव असलेली लॉकं आजही ढीगभर दिसतात आणि त्यामुळे अस्सल अमेरिकन रायफली इंग्लिश समजून विकल्या जातात. गोल्चर हे फिलाडेल्फियातल्या लॉकवाल्यांचं नाव, आणि ते टोपीच्या काळातल्या असंख्य बंदुकांवर आहे. म्हणजे ‘गोल्चर साधा कारागीर’ हे विक्रेत्याचं वाक्य तुमच्या बंदुकीबद्दल काहीच सांगत नाही.

कारागिराची सही शोधायची ती नळीच्या वरच्या पट्टीवर, मागच्या माशीच्या (नेम धरायच्या खुणेच्या) आसपास. ती बहुधा वळणदार हस्ताक्षरात असते, कधी नुसती आद्याक्षरं. ‘वर काहीतरी कोरल्यासारखं दिसतं पण वाचता येत नाही’ हे तुमच्या पत्रातलं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ती जागा घासू नका. खोलीत अंधार करा, टॉर्च नळीला जवळजवळ समांतर धरा आणि प्रकाशाची दिशा बदलत फोटो काढा. कोरीव रेघांची सावली पडते आणि डोळ्यांना न दिसणारी अक्षरं फोटोत उठून दिसतात. सही मिळाली तर कारागिराचं गाव, काळ आणि बऱ्याचदा त्याचा गुरूही शोधता येतो, कारण अठराव्या शतकातल्या पेनसिल्व्हेनियाच्या करयाद्यांत माणसाचा धंदा लिहिलेला असे आणि ‘गनस्मिथ’ म्हणून ही मंडळी तिथे सापडतात. आणि सही नसली तरी निराश होऊ नका. उत्तमोत्तम लाँग रायफलींपैकी पुष्कळ बिनसहीच्याच आहेत.

या बंदुकीचा उगम तुमच्या सासुरवाडीच्याच मुलखात आहे. जर्मन आणि स्विस स्थलांतरितांनी आपल्याकडची आखूड, जाड नळीची येगर रायफल इथे आणली आणि अठराव्या शतकात लँकेस्टर, बर्क्स, नॉर्दॅम्प्टन, यॉर्क अशा भागांत ती हळूहळू लांब, सडपातळ होत गेली. ‘केंटकी रायफल’ हे नाव तिला पुढे मिळालं, 1815 च्या न्यू ऑर्लीन्सच्या लढाईची कीर्ती पसरल्यावर. घडवली गेली ती मुख्यतः पेनसिल्व्हेनियात. 14 जून 1775 ला काँटिनेंटल काँग्रेसने पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड आणि व्हर्जिनियातून रायफलधाऱ्यांच्या तुकड्या उभारायला मंजुरी दिली, हे खरं आहे. त्यामुळेच या भागात ज्याच्या त्याच्या घरची बंदूक स्वातंत्र्ययुद्धातली असते. पण त्या काळच्या बंदुकीचं अंग वेगळं असतं. दस्त्याच्या बुडाची पितळी पट्टी रुंद, दोन इंचांच्या आसपास आणि जवळजवळ सपाट. मनगटाचा, म्हणजे मुठीत धरायचा, भाग भरदार. पॅचबॉक्सचं झाकण कधी लाकडाचं सरकणारं, कधी साधं पितळी. जसजसा काळ पुढे जातो तसतशी ही पट्टी अरुंद होते आणि खांद्याला बसेल अशी चंद्रकोरीसारखी वळते. तुमच्या फोटोत ती दीड इंचाच्या आतबाहेर दिसते आणि वळण ठळक आहे. त्यावरून ही बंदूक 1800 नंतरची, माझ्या अंदाजाने 1805 ते 1830 मधली आहे. घरची गोष्ट खोटी असेलच असं नाही. आजोबांचे पूर्वज युद्धात असतील, फक्त ही बंदूक त्यांच्या हातात नसेल.

याने नाराज होऊ नका. संग्राहक ज्याला या कलेचा सुवर्णकाळ म्हणतात तो साधारण 1780 ते 1820 चा. शांतता आली, हातात पैसा आला आणि शेतकऱ्यांनी आपल्या बंदुकीवर कोरीवकाम, चांदीची नक्षी, नाजूक पॅचबॉक्स मागायला सुरुवात केली. प्रत्येक खोऱ्याची ढब वेगळी. लीहाय खोऱ्यातल्या दस्त्याची वरची रेघ फुगीर कमानीसारखी खाली उतरते, तिला रोमन नाक म्हणतात. लँकेस्टरचा दस्ता बराच सरळ रेषेत जातो आणि पॅचबॉक्सच्या टोकाला डेझीचं फूल हे तिथलं लाडकं चिन्ह. लँकेस्टरचा जेकब डिकर्ट हा या परंपरेतला सगळ्यात नावाजलेला कारागीर; 1822 मध्ये तो गेला तोवर त्याच्या रायफली पार सरहद्दीपर्यंत पोचल्या होत्या. पश्चिमेकडच्या बेडफर्डच्या बंदुका इतक्या सडपातळ आणि त्यांची लॉकं इतकी लांबट, की दुरून ओळखू याव्यात. दक्षिणेत टेनेसीकडे गेलात तर पितळ जाऊन लोखंड येतं आणि पॅचबॉक्सच्या जागी नुसतं चरबी ठेवायचं भोक. तुमच्या पॅचबॉक्सच्या टोकाला फूल आहे आणि दस्त्याची रेघ सरळ आहे, म्हणजे लँकेस्टरकडे बोट जातं. पण फुलाची नक्कल शेजारच्या काउंट्यांतही व्हायची, त्यामुळे नुसत्या फुलावर मी सही करणार नाही.

आता मुख्य प्रश्न: ही बंदूक जन्मतःच टोपीची, की चकमकीची असताना बदललेली? तुमच्या बंदुकीची निम्मी किंमत या उत्तरावर अवलंबून आहे.

1820 नंतर टोप्या मिळायला लागल्या आणि पुढच्या दोन-तीन दशकांत गावोगावच्या गनस्मिथांनी जुन्या चकमकीच्या बंदुका सर्रास टोपीवर आणल्या. पाऊस-वाऱ्यात दगा न देणारी बंदूक कोणाला नको होती? त्यामुळे मूळ चकमकीच्या अवस्थेत टिकलेली लाँग रायफल दुर्मिळ आहे. बदल करण्याची सोपी रीत म्हणजे दारू पेटवणाऱ्या भोकात, म्हणजे बंदुकीच्या कानात, एक लहानसा दंडगोल आट्यांनी बसवायचा आणि त्यावर टोपीचं निपल. तुमच्या फोटोत तेच दिसतं. पण नुसत्या दंडगोलावरून निकाल लागत नाही, कारण टोपीच्या म्हणून नव्याने घडवलेल्या बंदुकांतही तो असतो.

निकाल लॉकच्या मागे असतो. घोडा अर्ध्यावर ठेवा. डाव्या बाजूचे लॉकचे स्क्रू खाचेत अगदी घट्ट बसेल अशा स्क्रूड्रायव्हरने दोन-तीन फेरे सैल करा, पूर्ण काढू नका. मग त्या स्क्रूंच्या डोक्यांवर लाकडी मुठीने अगदी हलकं ठोका. लॉक उजवीकडे आपोआप बाहेर येतं. पटाशीसारखं काही खुपसून उचकटलं तर दस्त्याची कड उडते, आणि ती कड दोनशे वर्षं टिकलेली आहे. हेही हात धजत नसेल तर माझ्याकडे किंवा दुसऱ्या जाणकाराकडे आणा. नळी दस्त्याला जोडणाऱ्या खिळ्यांना मात्र अजिबात हात लावू नका. ते ठोकताना पुढच्या पातळ लाकडाचे कपचे निघतात.

लॉक हातात आल्यावर आधी लॉकपट्टीची आतली बाजू पाहा. चकमकीच्या लॉकला बाहेरून रंजकाची (पेट देणाऱ्या दारूची) पॅन असते, ठिणगी पाडणारं पोलादी फ्रिझन असतं आणि त्याची स्प्रिंग असते. या तिघांचे स्क्रू पट्टीतून आरपार जातात. बदल करताना ते काढून भोकं लोखंडाने बुजवतात आणि घासून सारखी करतात. बाहेरून ती दिसत नाहीत, पण आतून पट्टीला तिरप्या उजेडात धरलं की गोल ठिपके दिसतात. असे ठिपके दिसले तर लॉक मुळात चकमकीचं होतं. तुमचं गोल्चर लॉक सरळ टोपीचं असेल, तर पुढची पायरी म्हणजे लाकडातला खळगा. कारागीर जो खळगा खोदतो तो त्या एका लॉकच्या मापाचा असतो: मोठी स्प्रिंग इथे, घोड्याला जोडलेला टंबलर तिथे, आणि फ्रिझन-स्प्रिंगच्या स्क्रूचं टोक किंचित बाहेर येतं म्हणून त्याच्यापुरता एक वाटाण्याएवढा खळगा. आज तुमच्या लॉकवर ज्याला जोडीदार नाही असा एखादा खळगा लाकडात असेल, किंवा पट्टीच्या कडेने लाकडाची पाचर भरलेली असेल, तर इथे आधी दुसरं लॉक होतं. खळग्याचं लाकूड काळपट, तेल-धुराने मुरलेलं असेल तर उत्तम. मधेच पिवळं, ताजं कापलेलं लाकूड दिसलं तर तिथे अलीकडे कोणाची तरी पटाशी फिरली आहे. आणि खळगा आजच्या लॉकला तंतोतंत बसत असेल, कुठेही परका खड्डा नसेल, तर बंदूक जन्मतः टोपीची आहे.

त्यानंतर नळीवर दंडगोलाभोवतीची जागा भिंगाने पाहा. चकमकीची बंदूक दर बाराला कानातून ज्वाळ बाहेर फेकते आणि शेकडो बारांनी तिथलं लोखंड खाल्लं जातं. मात्र टोप्यांतले क्षारही लोखंड खातात, त्यामुळे खड्डे आहेत म्हणून चकमक, असा सरळ हिशेब मांडू नका. खड्ड्यांचा पुरावा लाकडाच्या पुराव्याला जोडूनच वाचायचा.

आता चकमकीची करून घेण्याबद्दल. लाँग रायफलींच्या दुनियेत हे काम निषिद्ध नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. इतर जुन्या बंदुकांच्या संग्राहकांपेक्षा इथले लोक जाणत्या हाताच्या दुरुस्तीला जास्त मान देतात, कारण बहुतेक बंदुका बदललेल्याच होत्या. पण त्याला दोन अटी आहेत: बंदूक मुळात चकमकीची असली पाहिजे आणि केलेलं काम लेखी सांगितलं गेलं पाहिजे. जन्मतः टोपीच्या बंदुकीला चकमकीचं लॉक बसवणं ही सरळ सरळ बनवाबनवी आहे. आणि बदललेली बंदूक असली तरी 1840 च्या आसपास एखाद्या गावच्या लोहाराने केलेला तो बदल हाही तिच्या आयुष्याचाच भाग आहे. मला स्वतःला अशी न छेडलेली बंदूक नव्या फ्रिझनने सजवलेल्या बंदुकीपेक्षा जास्त आवडते. निदान जो ती विकत घेऊ पाहतो, त्याच्या सांगण्यावरून तरी हे काम करू नये.

अस्सलपणाच्या बाकीच्या खुणांत मी सगळ्यात जास्त भरवसा लाकडाच्या आकसण्यावर ठेवतो. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने दोन शतकं आकसत राहतं, पितळ आकसत नाही. त्यामुळे बुडाच्या पट्टीची कड दोन्ही बाजूंनी लाकडाबाहेर किंचित आलेली असते. बोटाला खरखरीत पायरी लागते. पॅचबॉक्सच्या कडेला लाकूड चिरलेलं किंवा पितळ उचललेलं असतं. जिथे सगळं काचेसारखं सपाट लागतं तिथे एक तर दस्ता घासून पुन्हा पॉलिश केला आहे किंवा पितळ नंतर बसवलं आहे. पॅचबॉक्सचे स्क्रू एक-दोन काढून पाहता आले तर तेही बोलतात. टोकदार, आपोआप लाकडात शिरणारे स्क्रू 1840 च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आले. त्याआधीचे बोथट टोकाचे आणि खाच थोडी तिरकी असलेले असतात.

साध्या बंदुकीवर नंतर कोरीवकाम करून किंमत चढवणं हा या धंद्यातला सगळ्यात महाग पडणारा फसवणुकीचा प्रकार. एका बंदुकीवर दस्त्याच्या गाल टेकायच्या बाजूला सुंदर वेलबुट्टी होती आणि नळीवर नामांकित सही. भिंगाखाली वेलीच्या खोल भागात मळ नव्हता, रंग होता, एकसारखा पसरलेला. आणि सहीचं एक अक्षर गंजाच्या खड्ड्यातून जात होतं. खड्ड्याच्या तळातही रेघ तितकीच खोल उमटलेली होती. म्हणजे गंज आधी, सही नंतर. मूळ सही गंजाने खाल्लेली असते, ती गंज ओलांडून जात नाही. तुमची सही वाचताना हेच पाहा.

नळीची लांबीही पडताळा. जुन्या नळ्या मागे जाड, मधे बारीक आणि तोंडाशी पुन्हा किंचित फुलणाऱ्या असतात. मागचा भाग जाड असून तोंडाशी फुलवटा नसेल तर तोंड कापलेलं असू शकतं. दस्त्याच्या पुढच्या भागात सांधा आहे का, तेही पाहा. हा भाग मोडतोच आणि दुरुस्त केलेला असणं मी दोष मानत नाही, फक्त किमतीत धरतो.

आता पैसे. फोटोवरून आकडा देणारा माणूस तुमचा हितचिंतक नाही, म्हणून मी पल्ले सांगतो. उशिराच्या काळातली, साधी, टोपीची, बिनसहीची बंदूक काही शे ते दोनेक हजार डॉलरला जाते. सही असलेली, लँकेस्टर घाटाची, नक्षीदार पॅचबॉक्सची, चकमकीवरून बदललेली आणि पुढे कोणी न छेडलेली बंदूक त्याच्या कित्येक पट जाऊ शकते. सुवर्णकाळातली उठावाच्या कोरीवकामाची, नावाजलेल्या हाताची बंदूक दहा-दहा हजारांच्या भाषेत बोलते, आणि अगदी निवडक तुकडे लाखाच्या पुढे गेले आहेत. मधल्या दर्जाच्या बंदुकांचा भाव मात्र गेल्या काही वर्षांत उतरला आहे. जुने संग्राहक जात आहेत आणि त्यांचे संग्रह एकदम बाजारात येत आहेत. तुमची बंदूक दुसऱ्या पल्ल्यात बसण्याची मला आशा आहे, आणि तसं असेल तर 1,200 ही ऑफर फारच कमी आहे.

मूल्यांकन करून घेताना ते कशासाठी, हे आधी ठरवा. विम्यासाठी लागते ती पुन्हा तशीच वस्तू दुकानातून घ्यायची किंमत. वारसाहक्कासाठी लागतो तो रास्त बाजारभाव, आणि पेनसिल्व्हेनियात वारसा कर असल्याने तुमच्या पत्नीच्या घरच्यांना तोच लागेल. एखाद्या संग्रहालयाला दान करून 5,000 डॉलरहून अधिक वजावट मागायची असेल तर आयआरएसचा (अमेरिकेच्या कर खात्याचा) फॉर्म 8283 आणि पात्र मूल्यांककाचा लेखी अहवाल हवा. एकाच बंदुकीचे हे आकडे वेगवेगळे असतात. मूल्यांककाची फी तासावर किंवा ठरावीक असावी, किमतीच्या टक्क्यांवर नाही. यूएसपॅप या व्यावसायिक मानकांतच त्याला मनाई आहे. आणि जो किंमत सांगतो त्याने ती वस्तू विकत घेऊ नये, एवढा नियम पाळलात तरी बराच त्रास वाचेल.

बंदूक आजवर कोणाकोणाकडे होती याचा इतिहास आत्ताच लिहून काढा. आजोबांच्या पिढीतलं जे कोणी हयात असेल त्यांच्याशी बोला: बंदूक कोणत्या शेतावर होती, कोणाकडून कोणाकडे आली. लँकेस्टरच्या जुन्या मृत्युपत्रांसोबत घरातल्या वस्तूंच्या याद्या असतात आणि त्यांत ‘रायफल गन’ अशी नोंद सापडते. तशी एक नोंद घरच्या दहा गोष्टींपेक्षा जास्त वजनाची. हा इतिहास दुसऱ्या कारणानेही लागतो. 1775 साली पेनसिल्व्हेनियातल्या ख्रिश्चन्स स्प्रिंगच्या मोरेव्हियन (एका ख्रिस्ती पंथाच्या) वस्तीत ख्रिश्चन ओर्टर या कारागिराने सही करून घडवलेली एक रायफल 1971 मध्ये व्हॅली फोर्जच्या संग्रहालयातून चोरीला गेली आणि जवळजवळ अर्ध्या शतकाने एका विक्रेत्याच्या हाती आली. त्याने ती ओळखली आणि परत केली. ती 2019 मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकन क्रांतीच्या संग्रहालयात प्रदर्शनात ठेवली गेली. बंदुका पिढ्यान्‌पिढ्या फिरतात, त्यामुळे कागद असलेली बरी.

पुण्याला नेण्याचा विचार सोडून द्या. अमेरिकेच्या 1968 च्या कायद्यात 1898 पर्यंत घडवलेली बंदूक ‘अँटीक’ ठरते आणि संघीय पातळीवर बरीच मोकळीक मिळते. राज्यांचे नियम वेगळे असतात, ते पाहावे लागतात. भारतात तशी सरसकट सूट नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यातून जुनी हत्यारं सुटतात ती दुरुस्त करूनही चालवता येणार नाहीत अशीच, आणि तुमची बंदूक थोड्या कामाने चालू शकते. कोकणात पीक संरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, हे वडिलांना सांगितलंत तर त्यांना लगेच पटेल. त्यांच्यासाठी सहीचा आणि पॅचबॉक्सचा मोठा फोटो फ्रेम करून न्या.

तोवर बंदूक फायरप्लेसवर टांगून ठेवू नका. खालच्या उष्णतेने दस्ता वाळतो आणि मनगटाशी चिरतो. घरातल्या, बाहेरच्या भिंतीला न लागलेल्या खोलीत, हवेतला ओलावा 45 ते 55 टक्क्यांच्या दरम्यान राहील अशा जागी, मऊ गादीवर आडवी ठेवा. हातमोजे घालून धरा. पितळाला ब्रासो नको, लाकडाला जवसाचं तेल नको. सुक्या मऊ फडक्याने धूळ काढा आणि लोखंडावर मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा पातळ हात पुरे. सहीच्या जागेला वॅक्सही लावू नका, आधी ती मला वाचू द्या. फोटो पाठवताना हे हवेत: दोन्ही बाजूंनी पूर्ण बंदूक, लॉकची आतली बाजू, लॉकचा रिकामा खळगा, दंडगोलाभोवतीची नळी, बुडाच्या पट्टीवर ठेवलेली मोजपट्टी, नळीचं तोंड समोरून, आणि तिरप्या उजेडातल्या सहीचे चार-पाच.